नातं, संस्कार आणि मांडणशिल्प: कोकणात काम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मांडणशिल्प म्हणजे नक्की काय?

शिल्पाभोवती आपण फिरतो, मांडणशिल्पात आत शिरतो. जागा, वस्तू, उजेड, आवाज, वास आणि बघणाऱ्याची चाल मिळून ते एक काम होतं. त्यातली एखादी वस्तू उचलून दुसरीकडे नेली की ती नुसती वस्तू उरते.

कोकणातल्या माणसाला हे नव्याने शिकवावं लागत नाही. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकटीला आंब्याचे टाळ, असोले नारळ, सुपारीचे घड, कवंडळं लटकली की भाद्रपदातलं रान घरात येतं. लग्नातलं रुखवतही तसंच. त्या टेबलासमोर उभं राहिलं की मुलीच्या घरात किती जणींचे हात राबले ते कळतं. रुखवतात नातं कौतुकाने मांडतात, मांडणशिल्पात ते नीट बघण्यासाठी मांडतात.

नात्यावर काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

‘आई’ हा विषय घेऊ नका. ‘आई दर मे महिन्यात मुंबईच्या गाडीत चढवते तो खोका’ हा विषय घ्या. नातं कितीही मोठं असलं तरी ते डोळ्यांना दिसतं एखाद्या बारक्या देवघेवीत. कागदावर तीन रकाने आखा: दोघांमध्ये ये-जा करणारी वस्तू, दोघांमधलं अंतर आणि पुन्हा पुन्हा होणारी कृती. तिन्ही भरले की कामाचा सांगाडा मिळाला. एखादा रिकामा राहिला तर कल्पनेने भरू नका, त्या माणसाशी जाऊन बोला.

चाकरमान्याचं बंद घर आणि त्याची किल्ली सांभाळणारी शेजारीण घ्या. वस्तू म्हणजे किल्ली. अंतर म्हणजे मधला गडगा आणि पलीकडची दहा पावलं. कृती म्हणजे आठवड्यातून एकदा दार उघडून केर काढणं, तुळशीला पाणी घालणं, चतुर्थीच्या आधी पंखा फिरतो का ते बघणं. यात भाडं नाही, करार नाही, तरी वीस वीस वर्षं हे चालतं. हे मांडायला एक दार, दहा पावलांचा मोकळा पट्टा आणि खुंटीवरच्या किल्ल्या एवढं पुरे आहे. जपानी कलावंत चिहारू शिओता यांनी २०१५ साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात दोन जुन्या होड्या आणि लाल धाग्याचं जाळं मांडून त्यात लोकांनी दिलेल्या ५० हजारांहून अधिक किल्ल्या अडकवल्या होत्या. तिथे संख्येचा परिणाम होता. गावातल्या कामाला बारा किल्ल्या पुरतात, कारण येणाऱ्याच्या ओळखीची एखादी त्यात असतेच.

पण चालू कुलपाची किल्ली कधीही टांगू नका. नुसत्या फोटोवरूनही तिची नक्कल होऊ शकते. जुन्या, मोडक्या कुलपांच्या किल्ल्या घ्या किंवा कानशीने दोन दाते घासून टाका. चिठ्ठीवर आडनाव आणि वाडी लिहू नका.

विधी मांडायचा तर विधीचंच साहित्य ठेवावं का?

बहुतेक कामं इथेच फसतात. कलश, नारळ, समया, केळीचे खांब एकत्र आणले की हॉलच्या दारातली सजावट तयार होते आणि बघणारा हात जोडून पुढे जातो. विधीतली वस्तू घेऊ नका, कृती घ्या. ओटी भरताना खण-नारळापेक्षा पुढे केलेला पदर महत्त्वाचा. अंतरपाटात अडवणं आणि बाजूला होणं आहे. पाठवणीत उंबरठा आहे. दहाव्याच्या काकस्पर्शात वाट बघणं आहे: सगळे गप्प, नजर झाडाकडे, आणि कोणीतरी हळू आवाजात गेलेल्याला शब्द देतं की मागचं आम्ही बघू.

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. यातलं मांडायचं ते कानातलं बोलणं. चिऱ्याच्या भिंतीत चार इंचांची पोकळी ठेवा, आत लहान स्पीकर, आवाज इतका हळू की कान टेकवल्याशिवाय ऐकू येऊ नये. पोकळी जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असली की मोठ्या माणसाला वाकावं लागतं, पाळण्यापाशी वाकतो तसंच. मग पाळणा ठेवायची गरजच उरत नाही.

पूजेतली वस्तू, पिंड, अस्थी, कुणाचं खरं मंगळसूत्र मांडू नका. लोकांच्या भावनांचा प्रश्न आहेच, पण त्याआधी हे की अशी वस्तू स्वतःच एवढं बोलते की बाकीचं काम ऐकू येत नाही.

अंतरपाटाचं काम प्रत्यक्ष कसं उभारायचं?

पहिलंच काम असेल तर हे करा. सामान थोडं लागतं आणि नेमकेपणा भरपूर शिकायला मिळतो. दोन पाट समोरासमोर, मध्ये कापड, एका वेळी दोनच माणसं. आई आणि मुलगी, घराची वाटणी झालेले दोन भाऊ, जुन्या मैत्रिणी, कोणीही.

कापड मांजरपाटाचं, ४४ इंच पन्हा, पावणेदोन मीटर. दुकानातल्या मांजरपाटात खळ असते. ती तशीच राहिली तर दमट हवेत काही दिवसांतच बुरशीचे काळे ठिपके उठतात. रात्रभर भिजवा, गरम पाण्यात धुवा, मग आणखी एकदा धुवा. कापड पाच ते आठ टक्के आटतं, म्हणून आधी बेतू नका. वाळवून, इस्त्री करून मग कापा. वरची कड जमिनीपासून १८० सेंटिमीटरवर आणि खालची ४५ वर यायला हवी, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जातो आणि पाय दिसतात. पावलांवरून माणूस ओळखता येतो हे अनेकांना तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळतं: भेगाळलेली टाच, जोडव्याचा वळ, चपलेच्या पट्ट्याखाली उजळ राहिलेली कातडी.

वरचा दांडा बांबूचा, दोन्ही टोकांना सुंभाने बांधलेला. खालची कड जड हवी, कारण दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटला की कापड शिडासारखं फुगतं. जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी २० ग्रॅमचे घ्या आणि दर १० सेंटिमीटरवर एक असे ११ बसवा. साधारण पाव किलोचं वजन होतं. लोखंडी सळई घालू नका, गंजाचा डाग कापडातून जात नाही. शिसं विषारी आहे. मणी दुमडीत पक्के शिवून टाका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

सगळा खेळ उजेडाचा आहे. एका माणसाच्या मागे दीड मीटरवर ९ वॅटचा पिवळसर एलईडी दिवा लावा, दुसऱ्याच्या बाजूला अंधार. उजेडातल्याची सावली कापडावर पडते आणि ती अंधारातल्याला दिसते. उजेडातल्याला मात्र काहीच दिसत नाही. पाट कापडापासून ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब गेला की सावलीची कड विस्कटते. दोन्हीकडे सारखाच दिवा लावण्याची चूक नेहमी होते, मग दोघांनाही नुसतं पांढरं कापड दिसतं. टायमरने दर दोन मिनिटांनी दिवा बाजू बदलू द्या. ज्याला आत्तापर्यंत दिसत होतं तो आता दिसू लागतो, आणि नात्यातली ही अदलाबदल कुठल्याही मजकुराशिवाय अंगावर येते.

लोक कापड उचलून बघणारच. दोन्ही बाजूंना कडेपासून एक मीटर मोकळी वाट ठेवा, म्हणजे उचलण्याऐवजी चालत पलीकडे जाता येतं. अंतरपाट शेवटी खाली घ्यावा का, यावर मतं वेगळी आहेत. आमच्या मते घेऊ नये. लग्नात तो धरणारे दुसरे असतात, इथे पलीकडे जाण्याचं काम ज्याचं त्यानेच करावं. मंगलाष्टकांची ध्वनिफीतही नको.

गेलेल्या माणसाच्या वस्तू मांडाव्यात का?

मांडाव्यात, पण शक्यतो वर्षश्राद्ध झाल्यावर. आधी प्रत्येक वस्तू सारखीच मोलाची वाटते आणि निवड करता येत नाही. निवड झाली नाही की खोली अडगळीसारखी दिसते.

चिनी कलावंत सोंग दोंग यांचे वडील २००२ मध्ये गेले आणि आई खचली. २००५ मध्ये बीजिंगमध्ये त्यांनी आईने आयुष्यभर साठवलेल्या दहा हजारांहून अधिक वस्तू मांडल्या: साबण, बाटल्यांची झाकणं, भांडी, कपडे, घराचा लाकडी सांगाडासुद्धा. मांडायला आई स्वतः बरोबर होती. त्या कामाचं बळ संख्येपेक्षा तिथे आहे, आणि आपल्याकडच्या घरातही हे जमण्यासारखं आहे. वस्तू लावायला त्या माणसाच्या सर्वांत जवळच्याला बसवा. कुठली वस्तू कुठल्या वस्तूशेजारी जाते ते त्यालाच ठाऊक असतं.

आधी सगळं एका खोलीत पसरा, प्रत्येक वस्तूला नंबर द्या, वहीत लिहा: काय आहे, कुणी दिलं, काम संपल्यावर कुणाकडे जाणार. शेवटचा रकाना आधी भरला नाही तर काढणीच्या दिवशी भावंडांत वाद होतो, आणि तो वस्तूवरून सुरू झाला तरी वस्तूवर थांबत नाही. मग निवडताना मौल्यवान काय ते बघू नका, झिजलेलं काय ते बघा. विळीच्या पाटावर पाय दाबून दाबून एकीकडे गुळगुळीत खळगा पडलेला असतो. तिरक्या उजेडात, जमिनीलगत ठेवलेली ती एक विळी भिंतभर फोटोंपेक्षा जास्त सांगते.

कपडे धुवून मांडा. न धुतलेल्या सुती कपड्यावर घामाचे पिवळे डाग पक्के होतात, कसर लागते, बुरशी येते. वास जपायचाच असेल तर एकच कपडा फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, आणि बरणी दिवसातून किती वेळा उघडायची ते ठरवून घ्या, कारण प्रत्येक उघडण्यात वास कमी होतो.

मूळ फोटो लावू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करून सुती कापडावर छापून घ्या. काचेला चिकटलेला जुना फोटो सोलायला जाल तर चेहरा काचेवरच राहील. तो काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका, आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही.

जिवंत माणसाबद्दलचं काम असेल तर परवानगी लागते?

लागते. एकदा नाही, तीनदा: कल्पना सांगताना, चाचणीची मांडणी झाल्यावर आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. गावात नाव झाकून काही उपयोग नसतो, सायकलच्या घंटीवरूनही माणूस ओळखतात. शेवटच्या दिवशी नकार आला तरी वस्तू काढा आणि बाकीची मांडणी सरकवून घ्या. ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली तर नकार देणाऱ्याकडे बोट दाखवल्यासारखं होतं.

कोकणच्या हवेत काय टिकतं आणि काय नाही?

ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत काम करा. जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बंद खोलीतही भिंतीला पाझर असतो. हवेतला ओलावा ७० टक्क्यांच्या वर राहिला की कागद, चामडं, कापड यांवर बुरशी धरते. बंद खोलीपेक्षा वारा खेळती पडवी बरी.

धातूकाम समुद्रापासून जवळ असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. ३०४ ग्रेडवर थोड्याच महिन्यांत चहासारखे डाग येतात, आणि गॅल्व्हनाइज्ड खिळा कापला किंवा ठोकला की जस्ताचा थर निघून तिथूनच गंजतो. पितळ काळपटतं पण टिकतं.

बांबू ओला वापरला तर भुंगा लागतो आणि खाली पिवळसर पीठ सांडू लागतं. भुंग्याला आतला स्टार्च हवा असतो. बांबू वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायची जुनी रीत त्यासाठीच आहे. घाई असेल तर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवा, आतल्या पेरांना भोकं पाडा, आठवडाभर भिजवा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवला तर उभा तडकतो.

जुनी जाळी सगळ्यांनाच आवडतात. पण जाळ्यात मुरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे ती कधी सुकत नाहीत आणि वासही जात नाही. गोड्या पाण्यात तीनदा, दर वेळी नव्या पाण्यात, रात्रभर भिजवा. जाळ्याला अडकलेले खवले हाताने काढा.

कौलारू घरात वजन कशाला टांगायचं?

रिपेला कधीच नाही. रीप फक्त कौलं धरते. वाशाला हलकं चालतं, जड वजन तुळईलाच. टांगायच्या आधी तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. वाळवी असेल तर लाकूड बाहेरून शाबूत दिसतं आणि टोक बिस्किटात जावं तसं आत जातं. वजनाच्या पाचपट पेलेल अशी दोरी घ्या: ४ किलोच्या पेटीला २० किलोची.

मासेमारीचा पारदर्शक तंगूस दिसत नाही म्हणून लोक वापरतात. तो ताणतो, उन्हाने ठिसूळ होतो आणि गाठीपाशी त्याची ताकद जवळपास निम्मी होते. गाठीऐवजी दाबायच्या धातूच्या नळ्या वापरा. सुंभ वापरणार असाल तर निरगाठ मारा. सुरगाठ हेलकाव्याने सुटते.

किनाऱ्यावर, वाळूत केलं तर?

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. काम पाण्याने न्यावं असं वाटत असेल तर उधाण धरा, चार दिवस टिकवायचं असेल तर भांग. आणि गावातल्या रापणकरांना विचारा. कुठल्या जागी पाणी कसं वळतं ते त्यांना कोष्टकापेक्षा बरोबर ठाऊक असतं, शिवाय त्यांच्या जाळं ओढायच्या पट्ट्यात तुमचा खांब यायला नको.

नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर अंडी घालतात आणि पिल्लं त्यानंतरही निघत राहतात. तिथे रात्री दिवे लावू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात. वाळूत खुंट्याही ठोकू नका. किनारा नियमनाच्या पट्ट्यात पक्कं बांधकाम नकोच. तात्पुरत्या कामासाठीही ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या.

आवाज आणि विजेचं काय करायचं?

घरातल्या बायकांच्या ओव्या किंवा गप्पा रेकॉर्ड करताना पंखा बंद करा, खिडकीला गोधडी लावा, फोन त्यांच्या तोंडापासून दोन वीत अंतरावर ठेवा. तीन मिनिटांपेक्षा लांब तुकडा उभं राहून कोणी ऐकत नाही. वीज जाणार हे धरून चाला: १२ व्होल्टची बॅटरी आणि त्यावर चालणारे दिवे घ्या. २३० व्होल्ट वापरलेच तर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच हवाच, विशेषतः सारवलेल्या ओलसर जमिनीवर.

भिंतीवर किती लिहावं?

साठ शब्द. आधी मराठीत, १४० सेंटिमीटर उंचीवर, आजी-आजोबांना चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या अक्षरात. वस्तू कुणाच्या आणि करणाऱ्याचं त्यांच्याशी नातं काय एवढं सांगा. अर्थ लिहू नका. तो आधी वाचला की लोक वस्तूकडे बघायचं सोडून देतात.

काम संपवायचं कसं?

शेवट पहिल्याच दिवशी ठरवा, गणपती आणतानाच विसर्जन कुठल्या दिवशी ते ठरलेलं असतं तसं. अमेरिकी कलावंत फेलिक्स गोन्झालेस-तोरेस यांनी १९९१ मध्ये एड्सने गेलेला जोडीदार रॉस याच्यासाठी रंगीत कागदातल्या गोळ्यांचा १७५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ७९ किलोचा ढीग कोपऱ्यात रचला. बघणाऱ्याने एक गोळी न्यायची, ढीग कमी होत जायचा. कमी होत जाणं हा कामाचाच भाग होता.

आपल्याकडे गोळ्यांना मुंग्या लागतात, तांदूळ घ्या. आजीचं वजन ४८ किलो असेल तर तेवढे तांदूळ सारवलेल्या जमिनीवर चटई पसरून तिच्यावर ओता. येणाऱ्याने एक मूठ न्यायची. मूठ सुमारे ५० ग्रॅमची धरली तर ९६० मुठी होतात. रोज ऐंशी माणसं येणार असतील तर बारा दिवस. पदरात, ओंजळीत, रुमालात, कशात न्यायचं ते लोकांवर सोडा. प्लास्टिकच्या पिशव्या ठेवू नका. जुने तांदूळ घ्या आणि आधी दोन दिवस ऊन दाखवा, नाही तर आठवड्यात सोंडे होतात. रात्री वर सुती चादर घाला, उंदरांसाठी खोलीचं दार फळी लावून बंद करा. सारवण पूर्ण वाळल्याशिवाय चटई टाकू नका, खालचा थर ओल धरतो आणि कुबट वास येतो.

शेवटची मूठ घरच्यांची. ती कुणी उचलायची हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. चटई उचलल्यावर खाली तिच्या विणीचा ठसा उमटलेला असतो. फोटो काढायचा तर त्याचा काढा, दुसऱ्या दिवशी जमीन पुन्हा सारवली जाते. भिंतीतले खिळे काढून भोकं चुन्याने बुजवा आणि वहीतल्या शेवटच्या रकान्याप्रमाणे वस्तू पोचवून सही घ्या.